नाही म्हणण्याचा हक्क आणि त्याची किंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'साहेब तोंडी सांगतात, करू का?' 'वकील केस घ्यायला तयार नाही, असं चालतं का?' 'डॉक्टरनं दारातूनच परत लावलं.' प्रश्न वरवर वेगळे दिसतात, पण गाठ एकच आहे: नाही म्हणायचा अधिकार कुणाला, कुठवर, आणि त्याचा भुर्दंड कुणी सोसायचा. खालच्या उत्तरांत इतिहास आणि कायदा मुद्दाम एकत्र ठेवला आहे. नुसती कलमं डोक्यात राहत नाहीत, माणसं राहतात. (१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्यामुळे कलमांचे आकडे नवे दिले आहेत, गरज तिथे जुनेही.)

बेकायदा हुकूम पाळला नाही, तर शिक्षा होते का?

कागदावर नाही. लष्करी कायदा १९५० चं कलम ४१ हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, पण त्यात शब्द आहेत 'कायदेशीर हुकूम'. कायदेशीर हुकूम मोडला आणि जवान प्रत्यक्ष मोहिमेवर असेल, तर १४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हुकूमच बेकायदा असेल, तर हे कलम मुळात लागू होत नाही.

आता याची दुसरी बाजू. न्याय संहितेचं कलम १४ (जुनं ७६) म्हणतं की, कायद्यानं जे करायला माणूस बांधलेला आहे ते त्यानं केलं, तर तो गुन्हा नाही. कलमाखालचं उदाहरण सैनिकाचंच आहे: वरिष्ठाच्या हुकुमावरून, कायद्याच्या आज्ञेला धरून, तो जमावावर गोळी झाडतो. 'कायद्याच्या आज्ञेला धरून' हे तीन शब्द लोक वाचताना गाळतात आणि मग 'वरून ऑर्डर होती' एवढं सांगितलं की सुटलो, असं समजतात. तसं सुटत नाही.

अडचण अशी की, हुकूम कायदेशीर होता की नाही हे ठरतं नंतर, कोर्टात, पंख्याखाली बसून. नकार मात्र त्या क्षणी द्यावा लागतो. ही जोखीम कुठल्याही कलमानं काढून घेतलेली नाही.

गोळी झाडायला नकार देणाऱ्या गढवाली सैनिकांचं पुढे काय झालं?

२३ एप्रिल १९३०, पेशावरचा किस्साखानी बाजार. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस. खान अब्दुल गफ्फार खानांना अटक झालेली आणि रस्त्यावर त्यांच्या चळवळीचे स्वयंसेवक, म्हणजे खुदाई खिदमतगार, आणि शहरातले लोक जमलेले, निःशस्त्र. त्या दिवशी तिथे इतर फौजेकडून गोळीबार झाला आणि माणसं मेली, हे विसरता कामा नये. पण रॉयल गढवाल रायफल्सच्या तुकडीला हुकूम झाला, तेव्हा हवालदार मेजर चंद्रसिंह गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी बंदुका चालवल्या नाहीत. पठाण मुसलमानांच्या जमावासमोर डोंगराळ हिंदू पलटण उभी करण्यात इंग्रजांचा हिशोब होता. तो त्या दिवशी चुकला.

पुढचं सगळं ठरलेल्या वाटेनं झालं. हत्यारं काढून घेतली, कोर्ट मार्शल बसलं. बॅरिस्टर मुकुंदीलाल यांनी बचाव केला. चंद्रसिंहांना जन्मठेप झाली, इतर कित्येकांना कैद आणि बडतर्फी. चंद्रसिंह १९४१ मध्ये सुटले. १९७९ मध्ये वारले आणि १९९४ मध्ये टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. टपाल तिकीट मिळेपर्यंत चौसष्ट वर्षं गेली.

गांधीजींनी तर त्यांचं कौतुकच केलं असेल?

असं सगळ्यांना वाटतं. गोलमेज परिषदेच्या सुमारास एका फ्रेंच पत्रकारानं त्यांना नेमकं हेच विचारलं. गांधीजींचं उत्तर होतं की, गोळीबाराचा हुकूम न पाळणारा सैनिक आपली शपथ मोडतो. आणि पुढे त्यांनी जे म्हटलं ते जास्त बोचतं: उद्या सत्ता आमच्याकडे आली की याच सैनिकांकडून आम्हाला काम घ्यावं लागेल, आज त्यांना हुकूम मोडायला शिकवलं तर ते आमचाही मोडतील.

हे वाचून गांधीजींवर रागावण्याची घाई करू नये. त्यांचा मुद्दा असा की, ज्याला गोळी झाडायची नाही त्यानं आधी नोकरी सोडावी. मला तो पटत नाही. पलटणीत भरती झालेल्या गरीब पहाडी पोराला राजीनाम्याची चैन नव्हती, आणि त्या बाजारात तर नव्हतीच. पण एक गोष्ट त्यांनी स्वच्छ ओळखली होती: उद्याच्या राज्यकर्त्यालाही नकार देणारा माणूस नकोच असतो.

त्याचा पडताळा मुंबईत आला. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या नौदलाच्या तळावर खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध अन्न आणि काम दोन्ही नाकारलं. बघता बघता जहाजांवरचे झेंडे बदलले, गिरणगाव रस्त्यावर आला, शहरात दोनशेवर माणसं मारली गेली. वल्लभभाई पटेलांनी शरण जायला सांगितलं आणि २३ तारखेला खलाशी शरण गेले. ज्यांना तेव्हा काढलं, त्यांना स्वतंत्र भारताच्या नौदलानं परत घेतलं नाही.

पोलिसाला वरिष्ठानं 'एन्काउंटर' करायला सांगितलं तर?

याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये, मुंबईच्याच एका प्रकरणात दिलं आहे: प्रकाश कदम विरुद्ध रामप्रसाद गुप्ता. आरोपी पोलीस होते आणि प्रश्न जामिनाचा होता. न्यायालयानं सांगितलं की, असा हुकूम झाला तर तो नाकारणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे. पाळला तर खुनाचा आरोप लागेल, आणि 'साहेबांनी सांगितलं' हा बचाव ऐकला जाणार नाही. निकालात न्यूरेम्बर्गचा दाखला आहे: तिथेही नाझी आरोपींनी हुकमाकडे बोट दाखवलं होतं, तरी त्यांना फासावर जावं लागलं.

भाषा कडक आहे, हवी तशीच आहे. पण ज्या कॉन्स्टेबलची बदली, क्वार्टर आणि गोपनीय अहवाल त्याच साहेबांच्या हातात आहे, त्यानं रात्री दोन वाजता गाडीत बसताना 'नाही' कसं म्हणायचं, यावर निकालात काही नाही. मध्यरात्रीच्या माणसाला न्यायालयानं कर्तव्य सांगितलं, कवच दिलं नाही.

मी सरकारी नोकरीत आहे. साहेब सगळं तोंडी सांगतात. काय करू?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट: तोंडी आदेश लेखी करून मागणं हा उद्धटपणा नाही, तो नियम आहे. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या वर्तणूक नियमांत आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या नियमांत तो स्पष्ट लिहिलेला आहे: वरिष्ठाचा आदेश शक्यतो लेखी असावा, तोंडी द्यावा लागला तर नंतर लेखी दुजोरा द्यावा, आणि आदेश घेणाऱ्यानंही तो मागून घ्यावा. महाराष्ट्राच्या १९७९ च्या नागरी सेवा (वर्तणूक) नियमांचा रोखही तोच. ३१ ऑक्टोबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं टी. एस. आर. सुब्रमणियन प्रकरणात तोंडी आदेशांवर काम करू नये, त्यांची नोंद ठेवावी, असं बजावलं.

दुसरी गोष्ट: नकार कसा लिहायचा. 'मी हे करणार नाही' असं टिपणीत लिहिणारा कारकून मी तरी पाहिलेला नाही, आणि लिहूही नये. असं लिहावं:

'मा. महोदयांनी आज दुपारी दालनात दिलेल्या तोंडी सूचनेनुसार सदर प्रस्ताव निविदा न मागवता मंजूर करावयाचा आहे. तथापि, प्रचलित खरेदी धोरणानुसार या रकमेसाठी निविदा प्रक्रिया आवश्यक असल्याचे दिसून येते. करिता याबाबत लेखी आदेश व्हावेत, ही विनंती. आदेशार्थ सादर.'

खाली सही, तारीख आणि वेळ. यात 'नाही' हा शब्द कुठे नाही, पण चेंडू वर गेला. दहातल्या बऱ्याच फायली इथेच थंड होतात, कारण जे बोलायला सोपं होतं ते लिहून द्यायला कुणी तयार नसतं. फाईलच दिली नाही आणि नुसतं फोनवर सांगितलं, तर त्याच दिवशी कार्यालयीन ई-मेलवर 'आपल्या दूरध्वनीवरील सूचनेस अनुसरून' अशी सुरुवात करून दोन ओळी पाठवा. कागद दिला असेल तर आवक क्रमांक घालून पोहोच घ्या. व्हॉट्सॲपवर भिस्त ठेवू नका, तिथे 'डिलीट फॉर एव्हरीवन' आहे.

आणि बदली? होईल. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे, साधारण तीन वर्षांचा कार्यकाळ ठरलेला आहे, मुदतीआधी हलवायचं तर कारणं नोंदवावी लागतात आणि मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, दाद मागता येते. हा आडोसा आहे, छप्पर नव्हे.

लेखी आदेश आला, तरीही तो उघड गुन्ह्याचाच असेल, तर? मग लेखी असला म्हणून तो पवित्र होत नाही. खोटा पंचनामा लेखी आदेशावरून केला तरी तो खोटाच.

रामशास्त्री प्रभुणे यांची गोष्ट खरी आहे की शाळेच्या पुस्तकापुरती?

गाभा खरा आहे. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गादीवर बसले चुलते रघुनाथराव, म्हणजे ज्यांच्यावर संशय तेच. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी केली, दोष रघुनाथरावांपर्यंत नेला, आणि पद सोडून वाईजवळ जाऊन राहिले. 'धरावे'चं 'मारावे' झालं, 'देहान्त प्रायश्चित्त' असं भर दरबारात ठणकावलं, हा भाग परंपरेनं रंगवत आणला आहे.

पण लोक सांगताना उत्तरार्ध गाळतात. बारभाईंचा कारभार आल्यावर शास्त्री परत आले आणि १७८९ मध्ये वारेपर्यंत न्यायदान करत राहिले. मला त्यांचं परत येणं जाण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं. त्यांचा नकार एका धन्याला होता, न्यायासनाला नव्हता.

न्यायाधीश नकार देतो म्हणजे नेमकं काय करतो?

भिन्नमत लिहितो. त्यानं निकाल बदलत नाही, एवढंच की 'सगळ्यांनी मिळून' असं नंतर कुणाला म्हणता येत नाही.

आणीबाणीतलं एडीएम जबलपूर प्रकरण घ्या. विनाचौकशी तुरुंगात टाकलेल्या माणसाला कोर्टात येता येतं का, हा प्रश्न. नऊ उच्च न्यायालयांनी 'येतं' म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयात न्या. एच. आर. खन्ना यांनी महान्यायवादींना विचारलं की, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर त्यावर उपाय आहे का? उत्तर आलं की, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला, चार विरुद्ध एक. तो एक म्हणजे खन्ना. सरन्यायाधीशपद हातचं जाणार हे त्यांना ठाऊक होतं. गेलंच. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून न्या. बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला.

चौघांत एक होते न्या. यशवंत विष्णु चंद्रचूड, आपल्या पुण्याचे. ते पुढे सात वर्षं सरन्यायाधीश राहिले. २४ ऑगस्ट २०१७ ला, खासगीपणाच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात, तो जबलपूरचा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला त्यांच्याच चिरंजीवांनी, न्या. धनंजय चंद्रचूड यांनी. एकेचाळीस वर्षांनी. त्याआधी १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तजवीज केली होतीच.

वकील केस नाकारू शकतो का?

एकटा वकील नाकारू शकतो, पण कारण हवं. बार कौन्सिलच्या नियमांचा मूळ सूर असा की, आपल्या दर्जाला साजेशी फी मिळत असेल आणि आपण त्या कोर्टात काम करत असू, तर आलेलं वकीलपत्र घ्यावं. 'विशेष परिस्थितीत' नकार चालतो. स्वतः साक्षीदार व्हायची शक्यता असेल तर तर घेऊच नये. एकदा घेतलं की मध्येच टाकता येत नाही. पुरेशी आगाऊ सूचना द्यायची आणि न केलेल्या कामाची फी परत करायची.

नानी पालखीवाला जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींचे वकील होते, निवडणूक खटल्यात. २५ च्या रात्री आणीबाणी आली आणि त्यांनी वकीलपत्र परत केलं. हा नकार साजरा करायला हरकत नाही. पंतप्रधानांना वकिलांचा तोटा नव्हता, कुणाचा बचाव त्यामुळे उघडा पडला नाही.

आता वकील संघटनेचे ठराव पाहा, 'अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणीही घेऊ नये' असे. २६/११ नंतर मुंबईत असा ठराव झाला. भावना समजण्यासारखी होती, शहर जळत होतं. पण त्याच खटल्यात कसाबबरोबर दोन भारतीय सहआरोपी होते, आणि विशेष न्यायालय, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय, तिन्हींनी त्यांना पुराव्याअभावी निर्दोष सोडलं. वकील उभाच राहिला नसता तर? त्यांच्यापैकी एकाची बाजू मांडणारे ॲड. शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्यातल्या त्यांच्या ऑफिसात गोळ्या घालून मारलं. त्याच वर्षी डिसेंबरात ए. एस. मोहम्मद रफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं असे सगळे ठराव घटनाबाह्य आणि शून्य ठरवले, कारण अनुच्छेद २२ (१) अटक झालेल्या माणसाला वकिलाचा हक्क देतो.

डॉक्टर रुग्णाला 'नाही' म्हणू शकतो का?

तातडीची वेळ असेल तर नाही. बाकी वेळी बऱ्याच अंशी हो. २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता डॉक्टरला रुग्ण निवडण्याची मुभा देते, पण तातडीच्या हाकेला ओ द्यायला सांगते, आणि एकदा हाती घेतलेला रुग्ण सूचनेशिवाय सोडू नये म्हणते. १९८९ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं, 'पोलीस केस आहे, आधी पोलीस येऊ द्या' हे निमित्त कायमचं बाद केलं. ॲसिड हल्ला किंवा बलात्कार झालेल्या व्यक्तीला सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयानं फुकट उपचार नाकारले, तर न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. एचआयव्हीचं कारण सांगून परत लावणं २०१७ च्या कायद्यानं बेकायदा आहे.

उलट काही गोष्टींना डॉक्टरनं नाहीच म्हणायचं असतं. कैद्याच्या छळात कोणत्याही रूपात सहभागी होऊ नये, 'किती सोसेल' हे पाहायलाही उभं राहू नये, हे जागतिक वैद्यक संघटनेनं १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्यात सांगून ठेवलं आहे.

म्हणजे नकार देणारा नेहमी बरोबरच असतो असं नाही?

नाहीच. खरं तर आपल्या इतिहासातले बहुतेक नकार वरून खाली दिलेले आहेत. १८९९ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांसाठी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहितांनी नकार दिला. तेही त्याला धर्माची बूज राखणंच म्हणत होते, आणि महाराजांनी इनामं काढून घेतल्यावर स्वतःला हुतात्मेही समजत असतील. महाडच्या तळ्याचं पाणी सगळ्यांना खुलं करण्याचा ठराव नगरपालिकेत झाला होता. गावानं तो अमलात येऊ द्यायला नकार दिला, म्हणून १९२७ चा सत्याग्रह करावा लागला.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. ते १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त छापून आलेलं होतं. बायको बाळंत झालेली, छाती भरलेली. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही, तपासणार नाही. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला, तेव्हा तो वस्तीबाहेर यायला राजी झाला. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाळासकट बाहेर आणलं. डॉक्टरनं थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याला, नवऱ्यानं बायकोला. परतही तसंच, हातोहात. रात्रीचे आठ वाजलेले. दिव्याच्या उजेडात पारा बघून डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया. औषध पाठवलं, पुन्हा मात्र फिरकला नाही. बाई गेली.

त्या डॉक्टरनंही नकारच दिला होता, तत्त्वाला धरून. म्हणून कुणी 'माझ्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही' म्हणालं की मी पहिल्यांदा एवढंच बघतो: बिल कुणाच्या नावावर फाटतंय? चंद्रसिंह, खन्ना यांनी ते स्वतःच्या नावावर घेतलं. या डॉक्टरनं ते बाळंतिणीच्या नावावर फाडलं.

इंजिनिअर, सीए, औषध निरीक्षक यांचा नकार कसा असतो?

सही न करण्याचा. बाकी काही हातात नसतं आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर यानाच्या रॉकेटमधल्या रबरी कड्यांवरून दूरध्वनीवर बैठक चालली होती. थंडी फार होती. मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर, त्यांत रॉजर बोइजॉली, सांगत होते की साधारण १२ अंश सेल्सिअसखाली उडवू नका. वरिष्ठ व्यवस्थापकानं आपल्या एका सहकाऱ्याला इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची घालायला सांगितलं. कंपनीचे ॲलन मॅक्डोनाल्ड केनेडी केंद्रावर हजर होते, नियमाप्रमाणे सही त्यांची. त्यांनी केली नाही. कंपनीतल्या वरच्या माणसानं सही करून फॅक्स पाठवला. सकाळी २ अंशाच्या आसपास उड्डाण झालं, ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. मॅक्डोनाल्ड यांनी चौकशी आयोगापुढे सगळं सांगितलं, कंपनीनं त्यांना बाजूला टाकलं, अमेरिकी काँग्रेसनं डोळे वटारल्यावर परत आणलं. त्या कड्यांची नवी रचना पुढे त्यांच्याच देखरेखीखाली झाली.

त्यांची सही नव्हती म्हणून उड्डाण थांबलं नाही, हे खरं. पण फ्रान्सिस केल्सी यांच्या सही न करण्यानं औषध थांबलं. १९६० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनात त्या नव्या रुजू झाल्या आणि टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला, युरोपात आधीच खपणारं झोपेचं औषध. साठ दिवसांत हरकत नाही घेतली तर परवानगी आपोआप. त्यांनी 'नामंजूर' लिहिलंच नाही. 'माहिती अपुरी' असा शेरा मारला, की साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून. कंपनीचे लोक खेटे घालत राहिले, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. केल्सी माहिती मागत राहिल्या. १९६१ च्या शेवटी जर्मनीतून कळलं की गरोदरपणी ते घेतलेल्या बायकांना हातापायांत व्यंग असलेली मुलं होताहेत. जगभरात अशी दहा हजारांवर मुलं जन्मली. अमेरिकेत कंपनीनं चाचणीच्या नावाखाली वाटलेल्या गोळ्यांमुळे थोडी झाली, बाजारात औषध आलंच नाही. मंत्रालयात क्वेरी काढणाऱ्याला लोक शिव्या देतात. बहुतेक क्वेऱ्या त्या लायकीच्या असतातही. ही नव्हती.

आपल्याकडे सीएला दोन वाटा आहेत: अहवालात मत राखून ठेवणं किंवा मत देण्यास असमर्थता नोंदवणं, आणि राजीनामा. राजीनामा दिला तर कंपनी कायद्याच्या कलम १४० प्रमाणे तीस दिवसांत एडीटी-३ फॉर्म भरून कारणं द्यावी लागतात. तिथे 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिणारे पुष्कळ. तो नकार नव्हे, पोबारा.

गप्प बसणं हा नकार धरतात का?

आरोपीच्या बाबतीत तो मूलभूत हक्क आहे, अनुच्छेद २० (३). साक्षीदाराला तो सरसकट नाही, उत्तर द्यायला नाकारलं तर गुन्हा होऊ शकतो.

केरळात एका ख्रिस्ती पंथातल्या तीन मुलांनी शाळेत राष्ट्रगीताला उभं राहून, पण न गाता, आदर दाखवला. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढलं. पुढच्या वर्षी बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं परत घ्यायला लावलं: उभं राहिलं म्हणजे अवमान नाही, गायची सक्ती करणारा कायदा नाही.

पत्रकारांनी मात्र एक समजून घ्यावं. बातमीचा स्रोत न सांगण्याचं संरक्षण प्रेस कौन्सिल कायदा १९७८ च्या कलम १५ (२) मध्ये आहे, ते प्रेस कौन्सिलपुढच्या कामापुरतं. फौजदारी कोर्टात त्याचा आधार मिळत नाही.

पुरस्कार नाकारणं यात येतं का?

येतं, पण हा त्यातला स्वस्त प्रकार. दुर्गाबाई भागवतांनी पद्मश्री आणि ज्ञानपीठ नाकारलं याची चर्चा जास्त होते. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, त्या आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे तुरुंगात गेल्या. वजन त्याला आहे.

खासगी नोकरीत आहे. चुकीचं काम नाकारलं तर संरक्षण काय?

फारसं नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं. जागल्यांच्या (गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या, 'व्हिसलब्लोअर'च्या) संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये संसदेत मंजूर झाला, अंमलात आणला गेला नाही. आणि तो होता सरकारी भ्रष्टाचारापुरताच. सूचीबद्ध कंपनीत असाल तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तक्रारीची अंतर्गत व्यवस्था असावी लागते आणि ऑडिट समितीच्या अध्यक्षापर्यंत थेट जाता येतं. लहान कंपनीत तेही नाही. ई-मेलच्या प्रती जपा, पण कंपनीची गोपनीय कागदपत्रं स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. नेमक्या त्याच कारणानं काढतात. आणि नकार देण्याआधी वकिलाला भेटा, दिल्यानंतर नव्हे.

आणि सरकारी कचेरीनं किंवा पोलीस ठाण्यानं मलाच नकार दिला तर?

आधी तो लेखी मागा. काउंटरवरचं 'होत नाही' हा कायद्यात नकार धरत नाहीत. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खालच्या सेवेला नकार दिला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं. माहिती अधिकारात कलम ७ (८) प्रमाणे कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकारी कोण, हे तिन्ही कळवणं बंधनकारक आहे.

दखलपात्र गुन्ह्याची तक्रार पोलिसांनी नोंदवलीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी १२ नोव्हेंबर २०१३ ला ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं आहे. 'आमची हद्द नाही' हेही चालत नाही, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो. नाहीच घेतला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम १७३ (४) खाली तक्रार पोलीस अधीक्षकांना, आयुक्तालय असेल तर उपायुक्तांना, लेखी पाठवा. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवा, पावती सांभाळा. तिथेही काही हललं नाही, तर ती पावती आणि तक्रारीची प्रत घेऊन न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. अर्जासोबत शपथपत्र लागतं.